गोळीबाराच्या आधीची भीती : 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड'ची पार्श्वभूमी

अमेरिकन रॅपर टुपाक शकूरचा 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड' हा तिसरा अल्बम १४ मार्च १९९५ रोजी बाजारात आला आणि थेट बिलबोर्ड नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा तो स्वतः न्यूयॉर्क राज्यातील तुरुंगात होता. ३० नोव्हेंबर १९९४ च्या रात्री मॅनहॅटनमधील क्वाड स्टुडिओच्या लॉबीत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत, चाकांच्या खुर्चीवरून तो न्यायालयात आला आणि लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात, त्याने आरोप नाकारलेले असूनही, ज्यूरीने त्याला दोषी ठरवले.

अल्बमची सुरुवातच या घटनांच्या बातम्यांनी होत असल्याने, त्यातील मृत्यूची चाहूल गोळीबारातून आली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात बहुतेक गाणी त्याआधीच ध्वनिमुद्रित झाली होती. मला या अल्बमची सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते : भीती आधी होती, गोळी नंतर आली.

त्या भीतीची मुळे शोधायची तर त्याच्या आईपर्यंत जावे लागते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्या अफेनी शकूर यांनी गरोदरपणात तुरुंगवास भोगला, न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे १९७१ मध्ये त्या निर्दोष सुटल्या; महिन्याभराने, १६ जूनला, टुपाकचा जन्म झाला. पुढे चळवळ विखुरली, घरात दारिद्र्य आले आणि अफेनी क्रॅक या कोकेनच्या प्रकाराच्या आहारी गेल्या. बाल्टिमोरच्या कलाशाळेत अभिनय शिकणारा हा मुलगा कॅलिफोर्नियात गेल्यावर किशोरवयातच घराबाहेर पडला. या अल्बममधील 'डिअर मामा' या गाण्यात तो आईचे व्यसन लपवत नाही आणि तिला दोषही देत नाही. सणाच्या दिवशी अपुऱ्या पैशांत तिने रांधलेले जेवण त्याला आठवते. रॅपमध्ये मर्दानी तोरा मिरवला जात असताना इतक्या उघडपणे कृतज्ञता व्यक्त करणे सोपे नव्हते. २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे गाणे राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहासाठी निवडले.

ऑक्टोबर १९९५ मध्ये डेथ रो या ध्वनिमुद्रण कंपनीच्या मदतीने १४ लाख डॉलरच्या जामिनावर तो सुटला. त्यानंतरच्या 'ऑल आइज ऑन मी' या अल्बममध्ये जल्लोष आणि आव्हान भरपूर आहे. आईशी बोलतानाचा तो हळवा स्वर तिथे क्वचितच ऐकू येतो.