ऋषीच्या भाजीमागचे परस

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रातील अनेक घरांत ऋषीची भाजी शिजते. बैलाच्या श्रमाने पिकलेले त्या दिवशी खायचे नाही, असा ऋषिपंचमीच्या या व्रताचा दंडक असल्यामुळे नांगरटीच्या शेतातील पीक वर्ज्य ठरते आणि उरते ते घरामागचे परस, जिथली माती कुदळीने खणलेली असते.

मृगाच्या पावसात लावलेले वेल याच सुमारास मांडवावर लगडतात. मात्र परसात एकाच भाजीचा ढीग सहसा निघत नाही. चार भेंड्या, एक पडवळ, दोन दोडके, तांबड्या भोपळ्याची एखादी फोड, माठाची जुडी, असे थोडेथोडे हाती लागते आणि त्यातल्या कोणत्याही एकाने घरातल्या सगळ्यांची पाने वाढून होत नाहीत. सगळे एका पातेल्यात घालण्याची रीत व्रताच्या नियमापेक्षा या हिशेबातूनच रुजली असावी, असे मला वाटते. गोव्याच्या खतखत्यातही भाज्यांची अशीच गर्दी असते, फक्त तिथे नारळाचे वाटण आणि तिरफळे येतात. ऋषीच्या भाजीला मीठ आणि हिरवी मिरची पुरते.

या भाजीत अळूचा मान मोठा आहे. न्हाणीचे सांडपाणी जिथे मुरते तिथे अळू लावण्याची पद्धत जुनी असून, त्यामुळे पाणी तुंबत नाही आणि वर्षभर पानेही मिळतात. चिरताना देठाची साल वरून खाली ओढून काढावी लागते. अळूतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खवखवतो, म्हणून पाने पुरती शिजवून त्यात चिंच, आंबट चुका किंवा अंबाडी घालतात.

प्राचीन ऋषींच्या नावाने शिजणाऱ्या या पातेल्यात मिरची, मका आणि तांबडा भोपळा ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली आहेत, ही गंमत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या काळात नव्या जगातील पिके पश्चिम किनाऱ्यावर रुळत गेली. तोवर तिखटपणासाठी मिरी, पिंपळी, आले यांवर भिस्त होती. अळू, पडवळ, दोडका ही मंडळी मात्र आशियातलीच. परसाने नव्याजुन्यात भेद केला नाही, आणि व्रतानेही नाही. बैल लागला नाही एवढेच पाहिले.

चाळींत आणि पुढे फ्लॅटमध्ये परस उरले नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी शहरांतल्या मंडयांत या भाज्यांचे एकत्र वाटे विकायला येतात, ते पिकवताना नांगर फिरला की ट्रॅक्टर, हे विचारण्याची सोय नसते.

बाजाराच्या बियाण्यामुळे मागे पडलेले गावठी घेवडे, वाल आणि भोपळे मात्र काही परसांनी जपून ठेवले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी बियाणी गोळा करून बियाणे बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यामागची पद्धत घराघरांत होतीच: वेलावरचा चांगला दोडका तोडायचा नाही, तो तिथेच वाळू द्यायचा, आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळू लागल्या की त्या राखेत मिसळून पुढच्या मृगापर्यंत ठेवायच्या.