बॉटम ब्रॅकेटची बेअरिंग: आट्यांकडून ठोकून बसवण्याकडे आणि पुन्हा मागे

माउंटन बाइकचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्या (क्रँक) ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा संच, करकरू लागला किंवा क्रँक हाताने आडवा ढकलल्यावर डगडगू लागला, की आज बहुतेक वेळा संपूर्ण संच काढून टाकला जातो आणि त्याच मापाचा नवा संच बसवला जातो. चाळीस वर्षांपूर्वी हेच काम मूठभर छर्रे, थोडे ग्रीस आणि दोन-तीन पाने एवढ्यावर भागत असे. या बदलाचे श्रेय सर्वसाधारणपणे बेअरिंगच्या प्रगतीला दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु झिजलेले बेअरिंग दुरुस्त करायचे की बदलायचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्षात फ्रेमच्या शेलला, म्हणजे बॉटम ब्रॅकेट ज्यात बसतो त्या नळीला, भोक केवढे ठेवावे आणि त्यात आटे पाडावेत की नाहीत, याविषयी कंपन्यांनी वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांनी ठरवले आहे. त्यामुळे ही पार्श्वभूमी बेअरिंगइतकीच त्या भोकाचीही आहे.

माउंटन बाइकच्या जन्मकथेतच वंगणाचा उल्लेख आहे. 1976 साली कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात ज्या उतारावर पहिल्या शर्यती झाल्या, त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडले. उतरताना मागच्या हबमधील ब्रेक इतका तापत असे, की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा भरावा लागे. त्या सायकली जुन्या, जड आणि बहुधा एकसंध क्रँकच्या होत्या. त्यांच्या मोठ्या भोकाच्या शेलला आटे नव्हते, बेअरिंग धरणारे कप थेट आत ठोकून बसवलेले असत. आटे हवेत की नकोत या पुढील वादाच्या संदर्भात हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण आट्यांविना शेल ही काही एकविसाव्या शतकाची कल्पना नाही.

1980च्या दशकात कारखान्यात तयार झालेल्या माउंटन बाइक बाजारात आल्या, तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या सायकलींचा प्रचलित बॉटम ब्रॅकेट उचलला. 1.37 इंच व्यासाचे, इंचाला 24 आटे, शेलची रुंदी 68 किंवा 73 मिमी आणि उजव्या कपाचे आटे उलटे, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येक बाजूला पाव इंचाचे 11 सुटे छर्रे, दोन्ही क्रँक जोडणारा, कडेला चौकोनी निमुळत्या टोकांचा अ‍ॅक्सल आणि डाव्या बाजूला जुळवणीचा कप व त्यावर लॉकरिंग, एवढीच त्याची रचना. छर्रे बदलावेत, छर्रे फिरण्याची कपातील व अ‍ॅक्सलवरील वाट तपासावी, खड्डे पडलेले असतील तेवढाच भाग नवा आणावा आणि डावा कप सैलही नाही व घट्टही नाही अशा जागी आणून लॉकरिंगने आवळावा: दुरुस्ती म्हणजे अक्षरशः हेच होते. तिचे शत्रूही ठरलेले होते. चिखल बाहेरून येई आणि सीट ट्यूबमधून झिरपलेले पाणी आतून शेलमध्ये साचत असे. आतून येणारे पाणी अधिक घातक ठरे, कारण ते दिसत नाही. सुट्या छर्‍यांना सील जवळपास नव्हतेच.

सगळे भाग आतच बंद असलेल्या कार्ट्रिजने हा पाण्याचा प्रश्न बराचसा सोडवला आणि 1990च्या दशकात तो सार्वत्रिक झाला. त्याचबरोबर दुरुस्ती मात्र संपली, कारण कार्ट्रिज उघडण्यासाठी बनवलेला नव्हता. तो वर्षानुवर्षे टिकत असल्याने फारशी तक्रारही कोणी केली नाही, आणि ती न होणे योग्यच होते. तक्रारी सुरू झाल्या त्या नंतरच्या टप्प्यात. चौकोनी टोकाचा अ‍ॅक्सल जोरदार पेडल मारताना लवतो, म्हणून 1996 मध्ये एका जपानी कंपनीने 8 खाचांचा, आतून पोकळ आणि जाड अ‍ॅक्सल आणला. त्यापाठोपाठ काही प्रतिस्पर्धी कंपन्यांनी 10 खाचांचे, सर्वांना खुले असलेले माप पुढे केले. अ‍ॅक्सल साधारण 17 मिमीवरून 21-22 मिमीवर गेला, पण शेलचे भोक तेवढेच राहिले. वाढलेली जाडी कोणाच्या तरी वाट्यातून जाणार होती आणि ती छर्‍यांच्या वाट्यातून गेली. छर्रे लहान झाले, आणि 10 खाचांचे संच एका पावसाळी हंगामातच खडखडू लागल्याचे अनुभव त्या काळातील कारागीर आजही सांगतात.

2003 च्या सुमारास बेअरिंग शेलच्या बाहेर नेण्यात आले, तेव्हा हा पेच उलगडला. 24 मिमीचा अ‍ॅक्सल उजव्या क्रँकला कायमचा जोडलेला, कप त्याच जुन्या आट्यांवर फिरवायचे, पण बेअरिंग शेलच्या कडेबाहेर असल्याने त्याला मोकळी जागा मिळालेली. माझ्या मते माउंटन बाइकसाठी घेतलेला हा सर्वांत समंजस निर्णय होता. त्याने कोणतीही जुनी फ्रेम निकामी केली नाही आणि कोणत्याही नव्या फ्रेमकडून वेगळे भोक मागितले नाही.

तरीही आटे गेले. तसे करण्यामागील कारणे खरी होती आणि ती मांडल्याशिवाय टीका करणे अन्यायाचे ठरेल. एका अमेरिकी कंपनीने 2000 साली 30 मिमी अ‍ॅक्सलचे आणि 42 मिमी भोकाचे माप तयार केले होते आणि 2006 मध्ये ते सर्वांना वापरण्यास खुले केले. जाड अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅक्सल पोलादापेक्षा हलका पडतो, शेल मोठे असल्याने त्याला जोडणार्‍या नळ्याही रुंद ठेवता येतात आणि कार्बन फ्रेममध्ये आटे पाडलेली धातूची नळी चिकटवण्याचे काम टळते. शेवटचे कारण कारखान्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे होते, पण जाहिरातीत ते क्वचितच पहिल्या क्रमांकावर आले.

येथून पुढे नावांचा जो गुंता झाला, त्याने दुरुस्तीच्या कामाचे सर्वाधिक नुकसान केले आहे, म्हणून तो सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ‘बीबी30’ मधील (‘बीबी’ म्हणजे बॉटम ब्रॅकेट) 30 हा अ‍ॅक्सलचा व्यास आहे. ‘पीएफ30’ मधील (‘पीएफ’ म्हणजे प्रेसफिट, आट्यांविना दाबून बसवलेला) 30 हाही अ‍ॅक्सलचाच व्यास आहे, पण त्याचे भोक 42 नसून 46 मिमीचे आहे, कारण त्यात बेअरिंगभोवती प्लास्टिकचा कप येतो. ‘बीबी92’ मधील 92 चा मात्र अ‍ॅक्सलशी काहीच संबंध नाही. ती शेलची रुंदी आहे, तीही 91.5 मिमीची वर ओढलेली, तर रस्त्यावरच्या सायकलींसाठीच्या तिच्या भावंडात 86.5 मिमीची रुंदी खाली ओढून ‘बीबी86’ केलेली. या दोघांचे भोक 41 मिमी आहे. ‘टी47’ मधील 47 हा आट्यांचा व्यास आहे. शेलची रुंदी 73 मिमी आहे एवढेच सांगितले, तर ते शेल आट्यांचेही असू शकते, बीबी30 चेही आणि पीएफ30 चेही. अशा स्थितीत ‘माझ्या सायकलला प्रेसफिट आहे’ या वाक्यातून कारागिराला कामाची एकही संख्या मिळत नाही. यातील प्रत्येक माप ‘स्टँडर्ड’ म्हणवले गेले, आणि त्या शब्दाचा अर्थ मग ‘सर्वांचे सारखे’ असा न राहता ‘आमचे ठरलेले’ असा झाला.

नावांपेक्षा गंभीर बाब मापांच्या वजाबाकीत आहे. बीबी30 चे 6806 बेअरिंग आतून 30, बाहेरून 42 आणि 7 मिमी जाड असते. म्हणजे आतली कडी, छर्रा आणि बाहेरची कडी या तिघांना मिळून 6 मिमी मिळतात. बाहेर आणलेल्या कपांतील 6805 बेअरिंग 25 आणि 37 मिमीचे असते आणि 24 मिमीच्या अ‍ॅक्सलसाठी त्यात अर्ध्या मिलिमीटरची प्लास्टिक बाही घातलेली असते. तेथेही 6 मिमीच मिळतात. पण माउंटन बाइकमध्ये सर्वांत जास्त पसरलेल्या बीबी92 शेलचे भोक 41 मिमी. कपाची भिंत दोन्हीकडे 2 मिमी धरली, की बेअरिंगला बाहेरून 37 मिमी उरतात. त्यात 30 मिमीचा अ‍ॅक्सल घातला, तर छर्‍यासह सर्वांना मिळून 3.5 मिमी. एकदा झालेली चूक, अ‍ॅक्सल जाड करायचा आणि भोक तेच ठेवायचे, येथे पुन्हा झाली. पुढे 2018 मध्ये दुसर्‍या एका अमेरिकी कंपनीने 28.99 मिमीचा अ‍ॅक्सल आणला. बेअरिंग आणि सीलला थोडी अधिक जागा मिळावी हा त्यामागचा हेतू होता, आणि 30 मिमीने केलेली कोंडी त्यातून अप्रत्यक्षपणे मान्यच झाली.

प्रेसफिट करकरतो हा आरोप सर्वांत जास्त ऐकू येतो. त्याच्या समर्थकांचे म्हणणे असे, की भोक अचूक असेल तर आवाज येण्याचे कारण उरत नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. अडचण ‘असेल तर’ या शब्दांत आहे. आट्यांमध्ये थोडीफार तूट खपते, घट्ट बसवणीत ती खपत नाही. भोक किंचित लंबवर्तुळाकार असले किंवा दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत नसली, तर प्लास्टिकचा कप प्रत्येक पेडलागणिक सूक्ष्म सरकतो आणि बेअरिंगच्या कडीवर वाकडा भार येतो. आवाज ही तक्रार असते, झीज हा या वाकड्या भाराचा परिणाम असतो. यावर आधी चिकट द्रव आला, नंतर शेलच्या आत एकमेकांत फिरवून आवळायचे दोन अर्धे कप आले, म्हणजे फ्रेममधून काढलेले आटे सुट्या भागात परत आणले गेले. 2015 मध्ये आलेल्या टी47 ने 46 मिमीच्या शेलमध्येच आटे पाडण्याची सोय केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अनेक माउंटन बाइक उत्पादक 73 मिमीच्या जुन्या आट्यांकडे परतले.

या सर्व उलथापालथीत एक गोष्ट मात्र दुरुस्तीच्या बाजूने घडली आणि तिचा उल्लेख पुरेसा होत नाही. बेअरिंग कार्ट्रिजच्या पोटातून निघून कपात आल्याने ते स्वतंत्रपणे बदलता येऊ लागले. माहितीपत्रके आजही बहुधा संपूर्ण कप बदलण्यास सांगतात. तरीही सीलवर लिहिलेला क्रमांक वाचून नुसते बेअरिंग आणता येते, कारण शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतला व्यास कळतो: 05 म्हणजे 25 मिमी, 06 म्हणजे 30. छर्‍यांच्या वाटा शाबूत असतील तर तेवढेही करावे लागत नाही. पातळ पात्याने सील उचलून, जुने ग्रीस धुऊन नवे भरले तरी पुरते, आणि क्रँक मिनिटाला जेमतेम 60 ते 90 फेरे घेत असल्याने बेअरिंग काठोकाठ भरले तरी ते तापत नाही. वाटेत खड्डे पडले असतील तर मात्र ग्रीसने काही साधत नाही. हे काम बेअरिंग जागेवर ठेवूनच करावे लागते. आतल्या कडीवर मार देऊन बाहेर काढलेल्या बेअरिंगच्या वाटेत छर्‍यांचे वण उमटतात आणि ते पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही. नवे बसवताना दाब बाहेरच्या कडीवरच द्यावा लागतो, हेही त्याच कारणाने. आट्यांच्या अ‍ॅल्युमिनियम कपात असे बेअरिंग एकामागून एक बसवता येते, आणि ग्रीस लावून फिरवलेला कप सहसा पहिल्या बेअरिंगपेक्षा कितीतरी अधिक काळ चालतो.