पंचांगातली बाकी आणि गाऊसच्या तीन रेघा

भागाकार करायचा आणि उरेल ती बाकी कोपऱ्यात लिहून ठेवायची, ही शाळेची रीत. पंचांगकर्त्याचे काम उलटे. वार काढायचा तर युगारंभापासून लोटलेल्या दिवसांना, म्हणजे अहर्गणाला, ७ ने भागायचे, भागाकार सोडून द्यायचा आणि बाकी तेवढी ठेवायची. पण कलियुगापासूनचा अहर्गण १५२० सालीच १६ लाखांच्या पुढे गेला होता.

त्याच वर्षी, शके १४४२ मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ या ज्योतिषग्रंथात हे ओझे उतरवले. त्यांनी ४०१६ दिवसांचे, सुमारे ११ वर्षांचे, एक चक्र धरले. झालेली चक्रे बाजूला मांडायची, अहर्गण चालू चक्रापुरताच मोजायचा. वारासाठी चक्रांना ५ ने गुणून त्यात अहर्गण मिळवायचा, ७ ने भागायचे आणि बाकी सोमवारपासून मोजायची. समजा ३ चक्रे आणि वर १०० दिवस झाले. १५ अधिक १००, म्हणजे ११५, बाकी ३. सोमवार शून्य, म्हणून गुरुवार. एरवी १२,१४८ ला भागावे लागले असते. हा ५ आला कुठून? ४०१६ ला ७ ने भागले की ५ उरतात. वारापुरते ४०१६ आणि ५ सारखेच.

हे सारखेपण चिन्हात बांधले गेले १८०१ मध्ये. फर्मा आणि ऑयलर या गणितज्ञांनी बाक्यांवर आधीच भरपूर काम केले होते. लजांद्र तर अशा संख्यांमध्ये सरळ बरोबरीचे चिन्ह घालत. २४ वर्षांच्या गाऊसने आपल्या लॅटिन ग्रंथात घोटाळा टाळण्यासाठी तीन रेघा वापरल्या: ४०१६ ≡ ५ (मॉड ७), म्हणजे ७ ने भागले की दोन्हींची बाकी एकच. बेरीज, वजाबाकी, गुणाकार अशा समशेष संख्यांवर बिनधास्त करता येतात. भागाकार मात्र जपून: १० ≡ ४ (मॉड ६) खरे, पण निम्मे केले की ५ आणि २ उरतात, आणि ते जुळत नाहीत.

संगणकातला मॉड्युलो, म्हणजे बाकी काढण्याची आज्ञा, हे नाते सांगत नाही, एक संख्या हातात देतो. ती कोणती द्यावी, यावर प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे एकमत नाही. उणे ३ ची ७ ने बाकी मागितली तर पायथन ४ देते, सी मात्र उणे ३. फरक ७ चा, म्हणजे गाऊसच्या हिशेबाने दोन्ही बरोबर. पण वारांच्या यादीत उणे तिसरा वार नसतो, म्हणून सीमध्ये लिहिणाऱ्याला त्यात ७ मिळवून पुन्हा बाकी काढावी लागते.