गणपतीत भट्टी बंद : माल कधीपर्यंत पाठवायचा?

ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी पुढच्या तीन ओळी कापून भिंतीवर लावाव्यात.

कार्बुरायझिंगचा (पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवून तो कडक करण्याचा) माल सोमवार, 7 सप्टेंबर 2026, संध्याकाळी 5 पर्यंतच घेतला जाईल.
वर्कशॉप शुक्रवार, 11 सप्टेंबर ते रविवार, 20 सप्टेंबर पूर्ण बंद.
सोमवार, 21 ला उघडू. पहिला तयार माल मंगळवार, 22 च्या संध्याकाळी.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती उशिरा, 14 सप्टेंबरला आहेत. गेल्या वर्षी 27 ऑगस्टला होते. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा डोक्यात ठेवून नियोजन करू नका. एक-दोघांचे तसे फोन आत्ताच येऊन गेले.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्याशी जरा सविस्तर.

दरवर्षी जुलै उजाडला की तेच तीन प्रश्न येतात. बंद का ठेवता? अर्ध्या माणसांवर का चालवत नाही? आणि मालक तुम्ही, मग सुट्टी चार दिवस पुढे ढकलायला काय हरकत आहे? तिन्हींची उत्तरं खाली देतो. पण त्याआधी एका चुकीबद्दल लिहितो, कारण आमचे आणि तुमचे सगळ्यात जास्त दिवस तिच्यामुळे वाया जातात.

बंद होण्याची तारीख ही माल पाठवायची तारीख नव्हे

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी दुपारी चारनंतर आमच्या गेटवर पाच टेम्पो उभे होते. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "उद्यापासून बंद ना? मग आज तर चालू आहे!"

आज चालू असतं ते तपासणी, पॅकिंग आणि डिस्पॅच. भट्टी आदल्या रात्रीच बंद झालेली असते. गिअर किंवा पिन आमच्याकडे आली की ती आधी धुतली जाते, फिक्स्चरवर लागते, मग भट्टीत जाते. 920 अंशांच्या आसपास कार्बन मुरवायचा, तेलात क्वेंच करायचं म्हणजे एकदम थंड करायचं, पुन्हा धुवायचं, टेंपरिंग करायचं म्हणजे ठिसूळपणा कमी व्हायला पुन्हा बेताने तापवायचं, शॉट ब्लास्ट मारायचं म्हणजे बारीक छऱ्यांच्या माऱ्याने साफ करायचं, शाफ्ट वाकला असेल तर प्रेसवर सरळ करायचा, हार्डनेस बघायचा. रांग नसली तरी यात दीड ते दोन दिवस जातात. आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात रांग नाही असं आजवर झालेलं नाही.

"निदान हार्डनिंग करून ठेवा, टेंपरिंग आल्यावर करा," असंही काही जण सुचवतात. हे आम्ही कोणाच्याही शब्दाखातर करणार नाही. क्वेंच केलेला पार्ट जितका कडक, तितकाच ठिसूळ असतो आणि त्याच्या पोटात ताण असतो. तो तासा-दोन तासांत टेंपरिंगला गेला पाहिजे. तसाच ठेवला तर रात्रीत तडकू शकतो, कोणी हात न लावता. दहा दिवस ठेवून उघडल्यावर जे निघेल त्याचं बिल तुम्ही भराल की आम्ही, हा वाद नको. म्हणून शेवटचा चार्ज (भट्टीत एका वेळी जाणारा माल) टेंपरिंग होऊन बाहेर पडेल अशा बेताने आम्ही मागे मोजत येतो आणि ती मोजणी 7 तारखेवर येऊन थांबते.

ही 7 तारीखसुद्धा 0.8 ते 1 मिलिमीटर केस डेप्थच्या (कडक थराच्या खोलीच्या) नेहमीच्या कामासाठी आहे. जास्त खोली हवी असेल तर अजून आधी पाठवा. कार्बन आत शिरायला लागणारा वेळ खोलीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे 0.8 च्या जागी 1.6 मागितलं तर मुरवण्याचे तास दुप्पट होत नाहीत, साधारण चौपट होतात. अशा कामाने भट्टी एक दिवस पूर्ण अडते. त्यासाठी 3 सप्टेंबर ही शेवटची तारीख धरा.

आणि मालासोबतच्या चलनावर (डिलिव्हरीच्या कागदावर) स्टीलचा ग्रेड लिहा. दरवेळी सांगतो, तरी शेवटच्या आठवड्यात निम्मी चलनं "गिअर, 400 नग" एवढ्यावरच येतात. तुम्हाला वाटतं, यांना माहीत आहे, आपलंच नेहमीचं काम आहे. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या क्रेटमध्ये ईएन-353 ग्रेडच्या पिनांत ईएन-8 या दुसऱ्याच ग्रेडच्या पिना मिसळल्या होत्या. दिसायला सारख्या, आकार तोच. चार्ज निघाल्यावर हार्डनेस जुळेना. शेवटच्या दिवशी आमची दोन माणसं एकेक पिन वेगळी करत रात्री अकरापर्यंत बसली. त्यांतल्या एकाची दिवा स्टेशनहून सावंतवाडीची गाडी चुकली. तेव्हापासून सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात ग्रेड न लिहिलेलं चलन आम्ही गेटवरूनच परत पाठवतो. राग मानू नका.

सगळ्यांना एकदम रजा का?

आमच्याकडे बावीस माणसं आहेत. भट्टीवर तीन पाळ्यांत चार-चार, म्हणजे बारा. त्या बारापैकी नऊ जण रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. दोन शिफ्ट इन्चार्जही त्यांच्यातच. कोकणातला माणूस दिवाळीला मुंबईत राहील, पण गणपतीला घरी गेल्याशिवाय राहणार नाही, हे ठाण्यात कारखाना चालवणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही मागेल त्याला रजा द्यायचो. त्यातून एवढंच व्हायचं की आधी मागणाऱ्याला मिळायची आणि उरलेल्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या नेमक्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी यायच्या. 2017 साली हट्टाने अर्ध्या माणसांवर भट्टी चालवली. एका ऑपरेटरला सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या. पहाटे थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर) जागेवरून सरकल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही, भट्टी तापत राहिली आणि अख्खा चार्ज भंगारात गेला. भरपाई आम्ही दिली. त्या माणसाला मी बोललो नाही, कारण चूक त्याला तिथे उभं करणाऱ्याची होती. तो चार्ज भंगारात गेला यावर तरी भागलं. तापलेली भट्टी उघडणं आणि हजारो लिटर तेलाच्या टाकीवर चार्ज सोडणं हे पेंगुळलेल्या माणसाचं काम नाही.

तेव्हापासून ठरवलं, वर्षातली एक रजा आम्ही ठरवायची, सगळ्यांची एकत्र. बाकीची ज्याची त्याने.

हिशोब कसा बसवतो

तुमच्यापैकी बरेच जण स्वतः दहा-वीस माणसांचं मशीन शॉप चालवता आणि आम्ही हे कसं जमवतो असं विचारता, म्हणून लिहितो. आम्ही कायद्याचे सल्लागार नाही. आपल्या सल्लागाराला एकदा दाखवून घ्या.

वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा हा हिशोब जुन्या कारखाने कायद्यात होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आहे. बदललं ते हे की पूर्वी रजेचा हक्क मिळायला वर्षात 240 दिवस काम लागायचं, आता 180 पुरतं. वर्षाच्या मध्यात लागलेल्यांनाही त्याचा फायदा होतो.

आमच्याकडे माणूस वर्षाला साधारण 280 दिवस भरतो, म्हणजे 14 दिवस रजा. यंदाच्या बंदचे एकूण दिवस दहा. त्यातून 11 आणि 18 हे दोन शुक्रवार आमची साप्ताहिक सुट्टी म्हणून वजा, 14 ला चतुर्थीची सणाची भरपगारी सुट्टी, तीही वजा. रजेच्या मध्ये किंवा कडेला आलेली सुट्टी रजेत मोजायची नसते. उरले सात. म्हणजे चौदातले सात आम्ही ठरवतो आणि सात त्याचे, शिमग्याला घ्या नाही तर बहिणीच्या लग्नाला.

तारखा जानेवारीत सगळ्यांना बसवून ठरतात, कागदावर सह्या होतात आणि तो कागद बोर्डावर लागतो. आमच्या मते सगळी गोम इथे आहे. काम नाही म्हणून माणसाला घरी बसवायचं आणि महिन्याच्या शेवटी ते दिवस त्याच्या रजेतून कापायचे, असं काही ठिकाणी चालतं. ती रजा नव्हे. रजा म्हणजे आधी ठरलेली, आधी सांगितलेली. शिवाय मागितलेली रजा नाकारली तर ती बुडत नाही, पुढच्या वर्षात जाते. साधी शिल्लक रजा 30 दिवसांपर्यंतच पुढे नेता येते, पण नाकारलेल्या रजेला ती मर्यादा नाही. "नंतर बघू" म्हणत राहिलेल्या मालकाच्या डोक्यावर हा बोजा किती साठतो ते माणूस नोकरी सोडताना कळतं.

रजेचा पगार आम्ही 10 तारखेलाच हातात देतो. चार किंवा जास्त दिवसांच्या रजेचा पगार रजेआधी द्यायचा, असं जुन्या कायद्यात होतं. सवय चांगली होती, ती ठेवली. गावी गणपतीला रिकाम्या खिशाने कोण जाणार?

सगळ्यांना हे सोयीचं पडतं असा दावा नाही. गोरखपूरकडच्या आमच्या दोघांना गणपतीपेक्षा छठला घरी जायचं असतं. प्रेसवरचे चाचा ईदला जातात. या तिघांना आम्ही बंदच्या काळात देखभालीवर घेतो आणि त्यांचे सात दिवस त्यांच्या सणाला मोकळे ठेवतो. त्यामुळे छठच्या आठवड्यात आमची एक पाळी थोडी हळू चालते, तेही सांगून ठेवतो.

चार दिवस पुढे का ढकलत नाही?

कारण तिकिटं. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे यंदाची तिकिटं जुलैच्या मध्यावर काढावी लागणार, आणि कोकणची गणपतीतली तिकिटं किती मिनिटं टिकतात हे ठाऊक आहेच. ऑगस्टमध्ये तुमची ऑर्डर आली म्हणून तारीख हलवली तर नऊ घरांची तिकिटं वाया जातील. जानेवारीत, तारखा ठरण्याआधी, ज्यांचं सप्टेंबरचं शेड्यूल हातात असतं त्यांनी जरूर कळवा. 2027 ला चतुर्थी 4 सप्टेंबरला आहे. तेव्हा एखादा दिवस मागेपुढे करता येतो. नंतर नाही.

उघडल्यावर लगेच का नाही?

बंदच्या काळात विटांची दुरुस्ती, तेल गाळणं, थर्मोकपल तपासणं ही कामं होतात. पावसाळी हवेत थंड पडलेल्या भट्टीच्या विटा ओल धरतात. एकदम तापवल्या तर फुटतात, म्हणून 19 पासून टप्प्याटप्प्याने तापमान चढवायला घेतो. तेलात पाणी गेलं असेल तर ते आधी उडवावं लागतं, नाही तर तापलेला चार्ज सोडताच तेल उसळून आग लागते. त्यानंतर एक रिकामा चार्ज फिरवून भट्टीतलं वातावरण बसवायचं. तुमचा माल 21 च्या रात्री आत जातो. आमच्याकडे सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्डनेसच्या तक्रारी का येत नाहीत, असं एका ग्राहकाने विचारलं होतं. याच दोन दिवसांमुळे.

पहिल्या दोन दिवसांचे चार्ज आम्ही आधी नाव नोंदवणाऱ्यांसाठी ठेवतो. 31 ऑगस्टपर्यंत वजन, ग्रेड आणि केस डेप्थ कळवली की जागा पक्की. त्यासाठी वेगळा पैसा नाही. ज्यांचा माल महिन्याला ठरलेला असतो त्यांनी ऑगस्टमध्येच पंधरा दिवसांचा जास्तीचा साठा करून घ्यावा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भट्टीला जागा असते आणि वागळे, रबाळे, अंबरनाथ भागात आमचा टेम्पो येऊन माल नेतो. महाड, लोटेच्या ग्राहकांनी एक लक्षात ठेवावं, गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी घालतात. तुमच्या मालाची शेवटची फेरी आम्ही 5 सप्टेंबरलाच उरकणार आहोत.

शेवटचं, गेटविषयी. बंदच्या काळात तिथे फक्त वॉचमन असतो. त्याला "साहेबांशी बोलणं झालंय" असं सांगून क्रेट उतरवू नका आणि चलनावर त्याची सही घेऊ नका. गेल्या वर्षी असे तीन क्रेट आठ दिवस पावसात भिजले. गंजलेल्या पार्टवर केस डेप्थ सारखी बसत नाही, आणि तो माल आमच्या ताब्यात होता असं आम्ही धरलं नाही. यंदाही धरणार नाही.