शस्त्रक्रियापूर्व रक्ततपासणी आणि फुफ्फुसाच्या कर्करोगातील पूर्वानुमान

फुफ्फुसाच्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर रुग्ण किती काळ जगेल, याचा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या रक्ततपासण्यांवरून बांधण्याची पद्धत. पुण्यातला रुग्ण ससूनमध्ये दाखल असो वा खासगी रुग्णालयात, भूलतज्ज्ञाकडून ‘फिटनेस’ मिळवण्यासाठी केलेल्या सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) आणि यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट त्याच्या फाइलीत असतोच. या पद्धतीत त्याच रिपोर्टमधले आकडे पुन्हा वाचले जातात. त्यासाठी वेगळे रक्त काढावे लागत नाही.

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराचा. न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १८ टक्के असतील, तर गुणोत्तर ४ येते. जपानमध्ये ओनोदेरा व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पचनसंस्थेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठी सुचवलेला पोषण निर्देशांक काढताना अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाची (दर डेसिलिटरमागे ग्रॅममध्ये) १० पट आणि दर घनमिलिमीटरमधील लिम्फोसाइटच्या संख्येची ०.००५ पट यांची बेरीज करतात. अल्ब्युमिन ४ ग्रॅम आणि लिम्फोसाइट २,००० असल्यास तो ५० भरतो. सीआरपी (दाह असताना रक्तात वाढणारे प्रथिन) व अल्ब्युमिन यांवर आधारलेला ग्लासगो गुणांक २००३ मध्ये मांडला गेला, तो शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या फुफ्फुस-कर्करोगाच्या रुग्णांसाठी. शस्त्रक्रिया झालेल्यांना तो पुढे लावला गेला.

यामागचा विचार जुना आहे. कर्करोगाच्या ऊतीत पांढऱ्या पेशी असतात, हे रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. न्यूट्रोफिलमधून स्रवणारी द्रव्ये गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. प्लेटलेट रक्तात सुटलेल्या कर्कपेशींभोवती चिकटून त्यांना प्रतिकारशक्तीपासून लपवतात. उलट लिम्फोसाइट, विशेषतः टी पेशी, कर्कपेशींना मारतात. दाह वाढला की यकृत सीआरपी अधिक आणि अल्ब्युमिन कमी बनवू लागते, त्यामुळे अल्ब्युमिनची घट केवळ आहाराची उणीव दाखवत नाही. म्हणूनच हे निर्देशांक गाठीपेक्षा गाठ बाळगणाऱ्या शरीराविषयी अधिक सांगतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे खरे मोल इथेच आहे.

गुणोत्तर जास्त आणि पोषण निर्देशांक कमी असलेल्या रुग्णांचा जगण्याचा काळ सरासरीने कमी असतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. मात्र त्यांतील बहुतेक अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत, आणि गुणोत्तराची धोक्याची सीमारेषा कुठे २.५, कुठे ३, तर कुठे ५ धरलेली आहे. गाठीचा आकार, लसिका ग्रंथींतील प्रसार आणि दूरचा प्रसार यांवरून ठरणारा टप्पा हाच आजही पूर्वानुमानाचा मुख्य आधार आहे. टप्पावार वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीनुसार तपासण्यांवरून ठरवलेल्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ९२ टक्के, तर तिसऱ्याच्या ‘अ’ टप्प्यात सुमारे ३६ टक्के आहे. एवढा फरक रक्ताच्या कोणत्याही आकड्याने दिसत नाही.

पुण्यासारख्या ठिकाणी हे आकडे वाचताना आणखी एक अडचण येते. एक्स-रेमधला डाग क्षयाचा समजून काही रुग्णांना आधी टीबीची औषधे दिली जातात, आणि काहींना खरोखरच दोन्ही रोग असतात. क्षयामुळे सीआरपी वाढते, अल्ब्युमिन उतरते आणि लिम्फोसाइटही कमी होऊ शकतात. पावसाळ्यात नुकत्याच होऊन गेलेल्या डेंग्यूने प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. दम्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी न्यूट्रोफिल वाढून लिम्फोसाइट घटतात, आणि गाठीने श्वासनलिका अडवल्यास तिच्यापलीकडे झालेला न्यूमोनियाही गुणोत्तर चढवतो. अशा वेळी संसर्ग आटोक्यात आल्यावर तपासणी पुन्हा करून घेतलेला आकडाच ग्राह्य धरावा.

एका रुग्णाचे आयुष्य या आकड्यांवरून सांगता येत नाही आणि त्यांच्या आधारे शस्त्रक्रिया नाकारणे समर्थनीय नाही. अल्ब्युमिन कमी आढळल्यास शस्त्रक्रियेपूर्वी आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने प्रथिने वाढवणे, दडलेला संसर्ग शोधणे आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला तपासणीसाठी अधिक काटेकोरपणे बोलावणे, एवढ्यासाठी मात्र ते वापरता येतात.