ऑपरेशन ठरलंय? हिमोग्लोबिन आजच बघून घ्या

आमच्या लॅबमध्ये बरेच जण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सीबीसीला (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी) येतात. हिमोग्लोबिन 8 निघतं आणि मग रक्तपेढी, बदली रक्तदाता, पिशव्या अशी पळापळ सुरू होते. हीच तपासणी महिनाभर आधी झाली, तर पुष्कळांना रक्त चढवावंच लागत नाही. आपल्याकडे रक्त कमी असण्याचं मुख्य कारण लोहाची कमतरता. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या लागू पडल्या, तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण 2 ग्रॅमने वाढतं. गोळीसोबत चहा नको, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं होतं, घाबरू नका. गोळ्या सोसत नसतील किंवा दिवस कमी असतील, तर लोह सलाईनमधून देता येतं. मात्र लोह कशामुळे कमी झालं (पाळीत जास्त जाणं, मूळव्याध, जंत) तेही शोधायला हवं.

‘एक बाटली लावून टाका, ताकद येईल’ हा आग्रह बहुतेक वेळा नातेवाइकांचाच असतो. एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम 1 ग्रॅमने वाढतं. सोबत ताप, अ‍ॅलर्जी, वयस्कर माणसाच्या फुफ्फुसांत पाणी साचणं असे धोकेही येतात. पूर्वी 10 च्या खाली गेलं की रक्त द्यायचे. 1999 साली कॅनडात अतिदक्षता विभागातल्या 838 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 7 पर्यंत वाट पाहिल्याने मृत्यू वाढले नाहीत. आता प्रकृती स्थिर असेल तर बहुधा 7 च्या खाली आणि हृदयविकार असेल तर 8 च्या आसपास रक्ताचा विचार करतात. तेही एकच पिशवी, मग पुन्हा तपासणी. जोराचा रक्तस्राव किंवा थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा गंभीर आनुवंशिक आजार) असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे रक्ताला पर्याय नाही.

रक्त द्यायचंच ठरलं आणि निदान झालेलं नसेल, तर तपासणीचा नमुना पिशवी लावण्याआधी घ्यायला सांगा. हे हमखास राहून जातं. सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 80 च्या खाली असेल, तर लोह कमी असू शकतं किंवा थॅलेसेमिया मायनरही (त्याच आजाराचं सौम्य रूप) असू शकतो. मायनरमध्ये लोह कमी नसेल, तर लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. फरक फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी) कळतो, पण रक्त चढल्यावर दात्याच्या पेशी मिसळतात आणि एचपीएलसी फसवी येते. मग तीन महिने थांबावं लागतं. सिकल सेल (लाल पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) तपासायचा असेल, तरी तेच.

सुरुवातीला साधी सीबीसी पुरे, मोठं पॅकेज घेऊ नका (आमचंसुद्धा). उपाशीपोटी यायची गरज नाही. मागचे रिपोर्ट असतील तर घेऊन या.