एक पडदा, अनेक सुरावटी

नाशिकची विसर्जन मिरवणूक वाकडी बारवेवरून निघाली की ढोलाचा घुमारा, ताशाची तर्री आणि झांजा एकदमच कानावर येतात. तरी लक्ष दिलं की ताशा वेगळा ऐकू येतो. मला हे फार थोर वाटतं, कारण हवेत या लहरी वेगळ्या राहतच नाहीत. कानाच्या पडद्यावर सगळ्यांची बेरीज पोचते आणि पडदा त्या बेरजेइतकाच आत-बाहेर हलतो. ती पुन्हा फोडायचं काम पुढे होतं.

आतल्या कानात, शंखासारख्या कॉक्लियात, एक पातळ पट्टी असते. तोंडाशी ती अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. ताशाची तीव्र कंपनं तोंडाकडचा भाग जास्त हलवतात, ढोलाचा खर्ज टोकाकडचा. ही हालचाल उलगडणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

पण दोन गळे जवळपास एकाच पट्टीत गात असतील तर? मग मेंदू पटी जुळवतो. २०० हर्ट्झच्या (सेकंदाला २०० कंपनांच्या) सुरात त्याच्या पटी, म्हणजे ४००, ६००, ८०० हर्ट्झही असतात. ही मंडळी एकत्र सुरू झाली, एकत्र थांबली, तर मेंदू त्यांना एकच आवाज मानतो. ३०० हर्ट्झच्या सुरातही ६०० असतोच. ३०० चा सूर हा २०० च्या सुराचा पंचम (सा-प नातं), म्हणून दोघं एकमेकांत मिसळू पाहतात.

पॉलिफनीत, म्हणजे अनेक स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालणाऱ्या संगीतात, नेमकं हे मिसळणं टाळायचं असतं. तिथे प्रत्येक सुरावट स्वतःच्या चालीने जाते. नाशिकला उत्तरायुष्य घालवलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी रुजवलेली रामधून हजार गळ्यांतून आली तरी पॉलिफनी नाही, चाल एकच. गायकामागून जाणारी हार्मोनियमही नाही. युरोपातल्या रचनाकारांनी दोन सुरावटी सा-प अंतर राखून सोबत चालवायला मनाई केली होती, आणि कानाचं गणित पाहिलं की तो नियम पटतो.

सुरावटी वेगळ्या ऐकण्यालाही मर्यादा आहे. संगीत-मानसशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड ह्यूरन यांच्या प्रयोगात सारख्याच नादाच्या तीनपेक्षा जास्त सुरावटी झाल्या की ऐकणारे मोजणीत चुकू लागले, बहुधा कमीच मोजू लागले. जर्मन रचनाकार बाखच्या चार सुरावटींच्या फ्यूगमध्येही (एकच चाल सुरावटींनी एकामागून एक उचलायची रचना) बऱ्याच जागी एखादी सुरावट थांबलेली असते. ती परत येते तेव्हा चटकन कळते.